अंतिम निकाल आणि न्यायाचे उघडे दार

(हिंगोली जिल्ह्यातील नागरिक व कार्यकर्ते यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचे हे शब्दांकन.)



२५ डिसेंबर २०१७ रोजी इस्लामाबाद येथे पाकिस्तानच्या परराष्ट्र मंत्रालयात एका मराठी मातेची तिच्या पुत्राशी भेट झाली. दोघांच्या मध्ये काच होती. भेटीपूर्वी माता आणि पत्नी यांना मंगळसूत्र, बांगड्या व टिकली उतरवावयास लावण्यात आले. माता मराठीत बोलू लागताच तिला पुन:पुन्हा अडविण्यात आले. भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाने दुसऱ्याच दिवशी ही हकीकत जगासमोर मांडली. काचेपलीकडे बसलेले कुलभूषण जाधव हे भारतीय नौदलाचे निवृत्त अधिकारी. पाकिस्तानच्या लष्करी न्यायालयाने त्यांना मृत्युदंड ठोठावल्याचे १० एप्रिल २०१७ रोजी घोषित झाले होते. त्यानंतर लष्करी अपील न्यायालयाने अपीलही फेटाळल्याचे पाकिस्तानने जाहीर केले. आता दयेचा अर्ज तेवढा उरला, म्हणजे त्या देशाच्या दृष्टीने निकाल अंतिम झाला होता.

परंतु तो निकाल अमलात आला नाही. हजारो मैल दूर, नेदरलँड्समधील हेग या नगरातील एका न्यायालयाने त्याचे पुनर्विलोकन व फेरविचार झालाच पाहिजे, असा आदेश दिला. अंतिम झालेला निकाल पुन्हा उघडता येतो काय, तो कोणी, कशासाठी आणि किती उघडावा, हा प्रश्न त्यामुळे केवळ विधिज्ञांचा राहिलेला नाही. तो एका मराठी घराच्या जीवनमरणाचा प्रश्न आहे.

अंतिमत्व कशासाठी?

निकालाला अंतिमत्व असावे, यामागे शहाणपण आहे. शेताच्या बांधाचा वाद तीन पिढ्या चालला की त्यात जिंकणाऱ्याचेही घर कसे बसते, हे मराठवाड्यातील माणसाला सांगावे लागत नाही. ज्या कुटुंबाने आपला माणूस गमावला, त्याला कधीतरी 'आता संपले' असे वाटण्याचा अधिकार आहे. म्हणूनच आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या संविधीतील ६० वे कलम निकाल अंतिम आहे व त्यावर अपील नाही, असे स्पष्ट सांगते. मात्र त्याच संविधीचे ६१ वे कलम असेही सांगते की, निर्णायक स्वरूपाची अशी एखादी वस्तुस्थिती, जी निकालाच्या वेळी न्यायालयाला व मागणी करणाऱ्या पक्षाला ठाऊक नव्हती, ती पुढे उजेडात आली तर पुनरीक्षण मागता येईल. त्यासाठी शोध लागल्यापासून सहा महिन्यांची आणि निकालापासून दहा वर्षांची मर्यादा आहे. दार बंद आहे, पण त्याला कडी आहे आणि ती आतून काढता येते.

दुसऱ्या महायुद्धानंतर झालेल्या खटल्यांत ही सोय नव्हती. न्यूरेंबर्गच्या न्यायाधिकरणाच्या सनदेत निकाल अंतिम राहील असेच लिहिले होते. टोकियोच्या खटल्यात अकरा न्यायाधीशांपैकी एक भारताचे न्यायमूर्ती राधाबिनोद पाल होते. त्यांनी सर्व आरोपींना निर्दोष ठरविणारे विस्तृत भिन्नमतपत्र लिहिले. ते न्यायालयात वाचूनही दाखविले गेले नाही. शिक्षेचा फेरविचार करण्याचा अधिकार एकट्या जनरल मॅकार्थर यांच्या हाती होता आणि नोव्हेंबर १९४८ मध्ये त्यांनी सर्व शिक्षा कायम केल्या. आपल्याला हे प्रकरण ऐकण्याचा अधिकार नाही, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर १९४८ रोजी सांगितले. तीन दिवसांनी सात जणांना फाशी देण्यात आली. पाल यांच्याशी कोणी सहमत असो वा नसो, जेत्यांच्या न्यायालयात दाराला कडीच नसते, हे त्या दिवशी दिसले.

अशीच एक घटना हिंगोली ज्या हैदराबाद संस्थानात होती, त्या संस्थानात घडली. तेलंगणातील सशस्त्र संघर्षाच्या प्रकरणांत विशेष न्यायाधिकरणाने १९४९ मध्ये काही शेतकऱ्यांना मृत्युदंड दिला आणि हैदराबादच्या उच्च न्यायालयाने त्याच वर्षीच्या डिसेंबरात अपिले फेटाळली. पुढच्या महिन्यात, २६ जानेवारी १९५० रोजी, भारताचे संविधान लागू झाले. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे गेले तेव्हा, संविधानापूर्वीच अंतिम झालेल्या निकालावर अपील ऐकता येत नाही, असे उत्तर मिळाले. त्या मंडळींची राजकीय दिशा ज्यांना मुळीच मान्य नव्हती, त्यांनाही एक गोष्ट विचारात घ्यावी लागेल. काही आठवड्यांच्या अंतराने सर्वोच्च न्यायाचा दरवाजा बंद राहिला.

अनुभवातून आलेली सुधारणा

पुढे आंतरराष्ट्रीय फौजदारी कायद्याने या अनुभवातून बोध घेतला. युगोस्लाव्हिया आणि रवांडा यांच्यासाठी अनुक्रमे १९९३ व १९९४ साली स्थापन झालेल्या न्यायाधिकरणांत नव्या वस्तुस्थितीच्या आधारे पुनर्विलोकनाची तरतूद होती. वुकोवार येथील युद्धकैद्यांच्या हत्याकांडाच्या प्रकरणी श्लिवांचानिन या सर्ब अधिकाऱ्याची शिक्षा अपिलात २००९ मध्ये पाचवरून सतरा वर्षांपर्यंत वाढविण्यात आली. कैद्यांभोवतीचा लष्करी पहारा उठविल्याचे वरिष्ठाने त्याला सांगितले असलेच पाहिजे, असे अनुमान न्यायाधीशांनी काढले होते. नंतर त्या संभाषणाचा एक साक्षीदार पुढे आला. त्याच्या साक्षीने ते अनुमान ढासळले आणि डिसेंबर २०१० मध्ये त्याच अपील पीठाने शिक्षा दहा वर्षांवर आणली.

हे दार केवळ आरोपीसाठीच उघडते असे नाही. रवांडाच्या नरसंहारातील बारायाग्विझा या आरोपीला प्रदीर्घ विलंबामुळे त्याच्या हक्कांचा भंग झाला म्हणून मुक्त करावे, असा आदेश नोव्हेंबर १९९९ मध्ये झाला. अभियोक्त्यांनी नवी माहिती पुढे आणल्यावर मार्च २००० मध्ये त्याच न्यायालयाने तो आदेश बदलला, खटला चालला आणि तो दोषी ठरला. २००२ पासून अमलात आलेल्या रोम संविधीच्या ८४ व्या कलमाने तर मृत्यूनंतरही पती-पत्नी, अपत्ये वा माता-पिता यांना दोषसिद्धीचे पुनरीक्षण मागण्याचा अधिकार दिला. भारत या संविधीचा पक्षकार नाही. पण कलंक घेऊन गेलेल्या माणसाचे नाव त्याच्या घरच्यांना धुऊन काढता यावे, ही कल्पना भारतीय मनाला परकी वाटणार नाही.

या साऱ्यातून एक सूत्र हाती येते. तीच गोष्ट पुन्हा सांगू पाहणाऱ्याला अंतिमत्वाने रोखावे. जे कधी ऐकलेच गेले नाही, ते ऐकण्यास मात्र अंतिमत्वाची आडकाठी असू नये.

हेग : १९११ आणि २०१९

हेग हे नाव मराठी माणसाने प्रथम ऐकले ते स्वातंत्र्यवीर सावरकरांमुळे. ८ जुलै १९१० रोजी मार्सेल्सच्या बंदरात 'मोरिया' बोटीतून त्यांनी समुद्रात उडी घेतली आणि ते फ्रान्सच्या भूमीवर पोहोचले. तेथील शिपायाने त्यांना पकडून ब्रिटिशांच्या स्वाधीन केले. परदेशाच्या भूमीवरून माणूस असा परत नेता येतो काय, हा वाद फ्रान्स आणि ब्रिटन यांनी हेगच्या लवादाकडे सोपविला. लवादाचा निर्णय येण्यापूर्वीच मुंबईत खटले उरकून सावरकरांना दोन जन्मठेपा सुनावण्यात आल्या होत्या. २४ फेब्रुवारी १९११ रोजी लवादाने सांगितले की, या अटकेत व हस्तांतरात अनियमितता झाली हे खरे, परंतु त्यामुळे सावरकरांना परत करण्याचे बंधन ब्रिटनवर येत नाही. चूक मान्य झाली, पण तिच्यावर उपाय मिळाला नाही. त्याच वर्षी सावरकर अंदमानात पोहोचले.

त्यानंतर एकशे आठ वर्षांनी, १७ जुलै २०१९ रोजी, त्याच नगरात आणखी एका मराठी माणसाच्या प्रकरणाचा निकाल लागला. दोन्ही वेळी वाद राष्ट्रांमध्ये होता. ज्याच्या आयुष्याचा प्रश्न, तो स्वत: पक्षकार नव्हता. फरक पडला तो उपायात.

जाधव यांना मार्च २०१६ मध्ये अटक झाली. निवृत्तीनंतर ते इराणमध्ये व्यवसाय करीत होते व तेथून त्यांचे अपहरण झाले, ही भारताची भूमिका. ते बलुचिस्तानात पकडले गेले, ही पाकिस्तानची. भारताला अटकेची माहिती देण्यात आली ती तीन आठवड्यांनी. कबुलीजबाब म्हणून एक चित्रफीत दाखविण्यात आली. भारताने वारंवार मागणी करूनही आपल्या वकिलातीच्या अधिकाऱ्याला त्यांना भेटू दिले नाही. परदेशात अटक झालेल्या माणसाला आपल्या देशाच्या वाणिज्यदूताशी संपर्क साधता यावा, हा हक्क १९६३ च्या व्हिएन्ना कराराच्या ३६ व्या कलमाने दिला आहे आणि दोन्ही देश त्या कराराने बांधलेले आहेत. या कलमाला तांत्रिक समजू नये. अनोळखी देशात, परक्या भाषेत, लष्करी न्यायालयासमोर उभ्या असलेल्या माणसाला वकील मिळवून देणारा, पुरावा गोळा करणारा आणि घरी निरोप पोहोचविणारा तोच एक धागा असतो.

८ मे २०१७ रोजी भारताने आंतरराष्ट्रीय न्यायालयात धाव घेतली. दहाच दिवसांत न्यायालयाने एकमताने फाशीला स्थगिती दिली. मूळचे नागपूरचे ज्येष्ठ विधिज्ञ हरीश साळवे यांनी अवघा एक रुपया मानधन घेऊन भारताची बाजू मांडली. १७ जुलै २०१९ रोजी पंधरा विरुद्ध एक अशा मताधिक्याने निर्णय झाला की, पाकिस्तानने ३६ व्या कलमाचा भंग केला आहे. चीनच्या न्यायाधीशही बहुमतात होत्या. विरुद्ध मत एकट्या पाकिस्तानने नेमलेल्या तदर्थ न्यायाधीशांचे होते.

तथापि न्यायालयाने काय दिले नाही, हेही नीट समजून घेतले पाहिजे. शिक्षा रद्द करावी, जाधव यांना मुक्त करावे, ही भारताची मागणी मान्य झाली नाही. पाकिस्तानने दोषसिद्धी व शिक्षा यांचे परिणामकारक पुनर्विलोकन आणि फेरविचार करावा, त्यासाठी आवश्यक तर कायदा करावा, हक्कभंगाचा खटल्यावर काय परिणाम झाला याला पूर्ण वजन द्यावे आणि तोवर फाशीला स्थगिती राहील, असा आदेश झाला. हे बंधन विनाअट पाळावयाचे आहे, असेही न्यायालयाने बजावले. निकाल पुन्हा उघडण्याचे काम मात्र ज्यांनी तो बंद केला, त्यांच्यावरच सोपविले गेले.

किल्ली कोणाच्या हाती?

खरी अडचण येथे सुरू होते. निकालानंतर सप्टेंबर २०१९ मध्ये भारतीय अधिकाऱ्याला जाधव यांची प्रथम भेट मिळाली. मे २०२० मध्ये पाकिस्तानने पुनर्विलोकनासाठी अध्यादेश काढला. नंतर, जाधव यांनीच पुनर्विलोकनाचा अर्ज करण्यास नकार दिला, असे त्या देशाने जाहीर केले. बंदिवानाच्या तथाकथित नकारावर भारताने विश्वास ठेवला नाही, हे उचितच झाले. जुलै २०२० च्या दुसऱ्या भेटीतही मोकळेपणाने बोलता आले नाही, अशी भारताची तक्रार राहिली. पाकिस्तान सरकारने स्वत:च इस्लामाबादच्या उच्च न्यायालयात जाऊन जाधव यांच्यासाठी वकील नेमण्याची विनंती केली, पण भारतीय वकिलाला तेथे उभे राहू देण्यास नकार दिला. नोव्हेंबर २०२१ मध्ये त्या अध्यादेशाचा कायदा झाला. वाणिज्यदूताचा संपर्क नाकारल्याने आरोपीची हानी झाली की नाही, हे ठरविण्याचा अधिकार तो पाकिस्तानच्याच न्यायालयांना देतो. हेगच्या निकालानंतर हा प्रश्न पुन्हा उपस्थित करण्यास जागा नाही, हा भारताचा आक्षेप आहे. कायदा होऊनही वर्षे लोटली. जाधव अद्याप पाकिस्तानच्या कैदेत आहेत.

आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे बोल कागदावरच राहण्याची भीती केवळ पाकिस्तानपुरती नाही. लाग्रांड या जर्मन बंधूंना अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात १९९९ मध्ये मृत्युदंड देण्यात आला. दुसऱ्या भावाचा मृत्युदंड थांबविण्याचा हेगचा आदेश आला असतानाही तो थांबला नाही. 'पुनर्विलोकन व फेरविचार' हे शब्द न्यायालयाने २००१ मध्ये त्याच प्रकरणात वापरले. २००४ मध्ये मेक्सिकोच्या नागरिकांच्या प्रकरणी न्यायालयाने पुन्हा तोच उपाय सांगितला. ओक्लाहोमा राज्याच्या राज्यपालांनी त्या निकालाची दखल घेऊन एका कैद्याचा मृत्युदंड जन्मठेपेत बदलला. पण हा निकाल आमच्या राज्यांच्या न्यायालयांना आपोआप बांधत नाही, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००८ मध्ये 'मेडेलिन विरुद्ध टेक्सास' या प्रकरणात म्हटले. त्याच वर्षी ५ ऑगस्टला टेक्सासने मेडेलिन याला मृत्युदंड दिला.

तात्पर्य, दार उघडण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते. ते उघडते ते राज्यकर्त्यांच्या आणि समाजाच्या इच्छेने. ओक्लाहोमा व टेक्सास ही एकाच देशातील शेजारी राज्ये. कायदा एक, निकाल एक, पण वर्तन दोन. म्हणून जाधव यांच्या प्रकरणी भारताने आणि भारतीय समाजाने पाठपुरावा सोडता कामा नये. विस्मरण हे पाकिस्तानच्या सोयीचे आहे.

आरसा घरातही हवा

या टप्प्यावर काहींच्या मनात एक शंका येणे स्वाभाविक आहे. अंतिम निकाल असे उघडत राहिले, तर अपराध्यांना शिक्षा होणार तरी केव्हा? १२ मार्च १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांत २५७ निरपराध माणसे मारली गेली. त्यातील दोषी याकूब मेमन याच्यासाठी ३० जुलै २०१५ रोजी पहाटे तीनच्या सुमारास सर्वोच्च न्यायालय उघडले गेले, तेव्हा अनेकांना संताप आला. तो संताप समजण्यासारखा आहे. परंतु परिणाम पाहावा. न्यायालयाने ऐकले, त्यात नवे काही आढळले नाही, याचिका फेटाळली आणि त्याच सकाळी नागपूरच्या कारागृहात शिक्षा अमलात आली. ऐकून घेतल्याने न्याय दुबळा झाला नाही. आणि जो देश आपल्या शत्रूचे म्हणणेही मध्यरात्री उठून ऐकतो, त्यालाच आपल्या पुत्रासाठी हेगमध्ये ताठ मानेने उभे राहता येते.

कधी कधी मात्र ऐकण्यातून निराळेच सत्य बाहेर येते. जून २००३ मध्ये नाशिक जिल्ह्यात मळ्यातील झोपडीत राहणाऱ्या एका कुटुंबावर दरोडा पडला. पाच जणांची हत्या झाली, स्त्रियांवर अत्याचार झाले. या प्रकरणी भटक्या समाजातील सहा जण पकडले गेले. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम केली व तिघांना जन्मठेप दिली. एप्रिल २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने साऱ्या सहाही जणांना फाशी सुनावली. पुनर्विलोकनाची याचिकाही फेटाळली गेली. निकाल सर्वार्थाने अंतिम झाला.

मग २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आपलाच निकाल मागे घेतला आणि प्रकरण पुन्हा ऐकले. तेव्हा असे दिसले की, घटनेनंतर थोड्याच दिवसांत, बचावलेल्या प्रत्यक्षदर्शी स्त्रीने पोलिसांकडील छायाचित्रांतून चार निराळ्याच व्यक्ती ओळखल्या होत्या. ही गोष्ट दडविली गेली होती. ५ मार्च २०१९ रोजी सहाही जण निर्दोष सुटले. प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश झाला. आयुष्याची सुमारे सोळा वर्षे गेली होती. सहांपैकी एक तर घटनेच्या वेळी अल्पवयीन होता. आणि ज्या कुटुंबाने आपली माणसे गमावली, त्याला काय मिळाले? चुकीच्या माणसांना फाशी सुनावून खरे अपराधी मोकळे राहिले. खोट्या अंतिमत्वाने पीडितालाही फसविले.

ब्रिटिशांनी १८७१ मध्ये कायदा करून काही जमातींवर जन्मत: गुन्हेगारीचा शिक्का मारला. स्वतंत्र भारताने १९५२ मध्ये तो कायदा रद्द केला. शिक्का मात्र मनामनांत उरला. गावाबाहेर पाल पडले की चोरीचा संशय प्रथम तेथे जातो, हे हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढा या तालुक्यांतील सुजाण माणूस नाकारणार नाही. हाही एक निकालच आहे. त्याला ना पुरावा, ना सुनावणी, ना अपील.

याच भूमीत एक कथा सांगितली जाते. नरसीचे संत नामदेव औंढा नागनाथाच्या समोर कीर्तन करू लागले, तेव्हा त्यांना तेथून उठवून मंदिराच्या मागे जाण्यास सांगण्यात आले. नामदेव मुकाट्याने मागे गेले आणि गाऊ लागले. तेव्हा मंदिरच फिरले व त्याचे मुख नामदेवांकडे झाले, असे परंपरा सांगते. ज्यांनी त्यांना मागे धाडले, त्यांच्या मते निर्णय झालेला होता. देवाने तो मानला नाही. ज्याचे ऐकले गेले नव्हते, त्याच्याकडे त्याने तोंड वळविले. न्यायव्यवस्थेकडून याहून अधिक काय अपेक्षावे?

मग सामान्य नागरिकाने करावयाचे काय? जाधव यांच्या प्रकरणी पाठपुरावा सुरू राहावा, म्हणून आपल्या लोकप्रतिनिधींना संसदेत प्रश्न विचारण्यास सांगता येईल. शाळा-महाविद्यालयांत या निकालाचा अभ्यास घडविता येईल. आणि घराजवळचे कामही आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यान्वये कोठडीतील प्रत्येक व्यक्तीला मोफत विधी साहाय्याचा अधिकार आहे आणि त्यासाठी जिल्ह्याजिल्ह्यात विधी सेवा प्राधिकरण असते. पालावरच्या किती कुटुंबांना हे ठाऊक आहे? ज्यांचा तेथे नित्य संपर्क आहे, त्यांनी ही माहिती पोहोचवावी, अर्ज लिहून द्यावा, पहिल्या तारखेला सोबत जावे. सोळा वर्षांनी दार उघडण्यापेक्षा पहिल्याच दिवशी कोणीतरी शेजारी उभे असणे केव्हाही श्रेयस्कर.

परक्या देशात एकाकी पडलेल्या माणसाला वाणिज्यदूत भेटलाच पाहिजे, असे भारताने जगाला सांगितले आणि जगाने ते मानले. आपल्याच देशात एकाकी पडलेल्या माणसालाही कोणीतरी भेटले पाहिजे. ते काम हेगच्या न्यायाधीशांचे नाही. ते या सभागृहात बसलेल्यांचे आहे.